संघ जातो, मैदान उरते

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याचा फुटबॉल संघ हैदराबादला गेला. सामना खेळण्यासाठी नव्हे, कायमचा गेला. 'एफसी पुणे सिटी' या नावाने २०१४ पासून पाच हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेल्या या संघाचे मालक आर्थिक अडचणीत सापडले. लीगमधील त्यांची जागा दुसऱ्या उद्योजकांनी घेतली आणि नवा हंगाम जेमतेम दोन महिन्यांवर आला असताना त्या जागेवर 'हैदराबाद एफसी' हे नाव झळकले. मार्च २०२२ मध्ये त्याच संघाने गोव्याच्या फातोर्डा मैदानावर लीगचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे वेतन थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, आणि पुढे मालक पुन्हा बदलले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच जागा 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' असे नाव धारण करून राजधानीत दाखल झाली.

सहा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली. या दोन्ही स्थलांतरांच्या वेळी पुण्याच्या वा हैदराबादच्या चाहत्यांना विचारण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने कुणावर घातलेले नव्हते. नारिंगी पोशाख घालून 'ऑरेंज आर्मी' या नावाने बालेवाडीच्या गॅलरीत एकत्र येणारे तरुण, २०१७-१८ साली आपला संघ उपांत्य फेरीत पोहोचला म्हणून हरखून गेलेले विद्यार्थी, तिकिटासाठी खिशातले पैसे मोजणारे कामगार, यांपैकी कुणाचीही गणना या व्यवहारात 'पक्षकार' म्हणून झाली नाही. व्यवहार दोन मालकांचा होता. चाहता हा त्या व्यवहारातील माल होता; आणि तोही असा माल की जो पुण्यात टाकून देता येतो व हैदराबादेत नवा मिळवता येतो.

श्रीगोंद्यातील कार्यकर्ता येथे सहज विचारील की, ज्या तालुक्यात कुकडीच्या आवर्तनासाठी रस्त्यावर बसावे लागते, उसाच्या बिलासाठी कारखान्याच्या दारात खेटे घालावे लागतात, त्या तालुक्यातील चळवळीने शंभरएक किलोमीटरवरच्या शहरी मैदानातील चेंडूची चिंता का वाहावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही त्याच तालुक्यात आहे. कालव्याच्या पाण्याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तेथे टेलच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते की त्याची केवळ नोंद होते? कर्जापोटी सहकारी साखर कारखाना लिलावात निघतो, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे भाग बाळगून असलेल्या सभासदाला काही विचारले जाते, की तो वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचणारा एक वाचक असतो? एखादी संस्था ज्यांच्या श्रमावर, पैशावर व निष्ठेवर उभी राहते त्यांना तिच्या भवितव्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न ऊस, पाणी आणि फुटबॉल या तिन्ही ठिकाणी एकच आहे. फुटबॉलमध्ये तो अधिक उघडावाघडा दिसतो, एवढेच.

पुण्याचे उदाहरण एकटे नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा १९६२ साली स्थापन झालेला संघ. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुण्यात २००७ साली पिरामल उद्योगसमूहाने काढलेला 'पुणे एफसी' २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. २०१५ मध्ये तो मिटला. कल्याणी समूहाचा 'भारत एफसी' एकच हंगाम खेळला आणि त्याच वर्षी त्याचेही दुकान बंद झाले. चार वर्षांनी 'एफसी पुणे सिटी'ची पाळी आली. पुण्यातील हे तिन्ही संघ ज्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळले, ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले होते. मालक आले आणि गेले. मैदान मात्र जागच्या जागी आहे, कारण ते जनतेचे आहे. या साध्या वस्तुस्थितीतच पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने फुटबॉल संघ म्हणजे काय? त्याच्या ताळेबंदात खेळाडूंचे करार असतात, प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील हिस्सा असतो, प्रायोजकांची देणी-घेणी असतात. परंतु ज्या एका वस्तूमुळे या साऱ्यांना किंमत येते ती वस्तू ताळेबंदात कोठेही नसते. ती म्हणजे लोकांची ओढ. रिकाम्या गॅलरीसमोर चाललेल्या सामन्याला प्रायोजक मिळत नाही. म्हणजे चाहता हा केवळ ग्राहक नाही. तो या मूल्याचा एक निर्माता आहे. गिरणीत कामगार मूल्य निर्माण करतो आणि मालकी दुसऱ्याची असते, हे समाजवादी वाचकाला नव्याने सांगावयास नको. येथे फरक इतकाच, की गिरणी कामगाराला निदान मजुरी मिळत होती. चाहता उलट पदरचे पैसे भरून हे मूल्य घडवितो.

दुसरा मुद्दा मक्तेदारीचा. इंडियन सुपर लीगच्या प्रारंभीच्या व्यवस्थेत खेळून वर येण्याचा मार्ग नव्हता. फी भरून जागा विकत घ्यावी लागे. आय-लीगचा विजेता संघ बढती घेऊन वर येण्याची वाट २०२३ मध्ये उघडली आणि पंजाब एफसी हा त्या वाटेने आलेला पहिला संघ ठरला. जागा मोजक्या आणि त्या मागणारी शहरे अधिक, अशी स्थिती ठेवली म्हणजे प्रत्येक जागेचा भाव चढा राहतो, आणि मालकाच्या हाती एक हत्यार येते: सवलती द्या, नाहीतर संघ हलवतो. पुण्याचा संघ हैदराबादला गेला त्याच ऑगस्ट महिन्यात 'दिल्ली डायनामोज' हा संघ भुवनेश्वरला गेला आणि 'ओडिशा एफसी' झाला. ओडिशा सरकारने क्रीडाक्षेत्रावर खर्च करण्याची तयारी दाखवली होती, आणि मालकाच्या हिशेबात ती बाब महत्त्वाची ठरली. ओडिशाने खेळाला प्रोत्साहन दिले याबद्दल तक्रार नाही. परंतु राज्याराज्यांनी संघमालकांसाठी सवलतींची चढाओढ लावावयाची आणि मालकांनी देशाच्या नकाशावर बोट फिरवीत बसावयाचे, ही रीत कारखान्यांच्या बाबतीत जितकी घातक ठरली तितकीच ती येथेही ठरेल.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात असे मांडले: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. या दोहोंमध्ये निष्ठा येऊन उभी राहते. निष्ठावंत माणूस लवकर सोडून जात नाही. ही मांडणी फुटबॉलला लावून पाहिली म्हणजे विषमता लख्ख दिसते. चाहता निष्ठावंत आहे म्हणून तो जाऊ शकत नाही. भांडवल निष्ठावंत नाही म्हणून ते केव्हाही जाऊ शकते. ज्याला जाता येत नाही त्याच्या आवाजाला वजन यावयाचे असेल, तर ज्याला जाता येते त्याच्या जाण्यावर काही अट, काही किंमत बसली पाहिजे. अन्यथा आवाज हा केवळ आक्रोश ठरतो.

आवाजाला वजन नसेल तर सुनावणीचे काय होते याचा धडा अमेरिकेने दिला आहे. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून निराळा, हातात चेंडू घेऊन खेळावयाचा खेळ. पण त्यातील मालकीचा व्यवहार अगदी ओळखीचा आहे. तेथे संघ हलविण्यापूर्वी त्या शहरातील लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचा लीगचा स्वतःचाच नियम आहे. त्यानुसार ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस सेंट लुईस, सॅन डिएगो आणि ओकलंड या तीन शहरांत लागोपाठ तीन दिवस जनसुनावण्या झाल्या. लोक संघाचे पोशाख घालून आले. कुणी तीन पिढ्यांची कहाणी सांगितली, कुणी रडले, कुणी संतापले. लीगच्या अधिकाऱ्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. जानेवारी २०१६ मध्ये संघमालकांनी तीस विरुद्ध दोन मतांनी सेंट लुईसचा संघ लॉस एंजेलिसला नेण्यास मान्यता दिली. २०१७ मध्ये सॅन डिएगोचा संघही तेथेच गेला. २०२० मध्ये ओकलंडचा संघ लास व्हेगासचा झाला. सुनावणी झालेली तीन शहरे, आणि संघ गमावलेलीही तीच तीन शहरे. सेंट लुईसमध्ये तर ज्या बंदिस्त क्रीडागारासाठी १९९० च्या दशकात सार्वजनिक कर्ज उभारले होते, त्याचे हप्ते संघ निघून गेल्यानंतरही जनता भरीत राहिली. शहराने व परगण्याने दावा लावला तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड पदरात पडली. म्हणजे सुनावणीत जे अश्रूंनी साधले नाही, ते काही अंशी न्यायालयात कागदांनी साधले.

येथे 'जनसुनावणी' या शब्दाचाच विचार केला पाहिजे, कारण तो शब्द भारतीय चळवळींनी मोठ्या कष्टाने कमावलेला आहे. पर्यावरणीय आघाताच्या मूल्यमापनासंबंधीच्या अधिसूचनेत १९९७ साली दुरुस्ती झाली आणि मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी अनिवार्य झाली. त्यानंतर मांडवात खुर्च्या मांडून, पोलीस बंदोबस्तात, आधीच ठरलेल्या निर्णयावर लोकांच्या सह्या गोळा करण्याचे कार्यक्रम किती ठिकाणी झाले हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. याच्या उलट दोन उदाहरणे आहेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या अखेरीपासून गावोगाव भरवलेल्या जनसुनावण्यांना कोणताही सरकारी अधिकार नव्हता. पण तेथे हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचून दाखविली गेली. खर्चाचा आकडा लोकांसमोर उच्चारला जाताच सत्ता कापू लागली, आणि त्या हालचालीतूनच पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला. दुसरे उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तेथील खाणीचा बेत थांबला. एके ठिकाणी हिशेब उघडा होता, दुसऱ्या ठिकाणी नकाराचा अधिकार होता. ज्या सुनावणीत यांपैकी एकही नाही ती सुनावणी नव्हे, सांत्वन होय.

खेळाच्या जगातही जेथे लोकांच्या हाती यांपैकी काही होते तेथे निकाल वेगळा लागला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याचे उदाहरण महाराष्ट्राने बारकाईने अभ्यासावे असे आहे. १९९५ च्या हंगामानंतर क्लीव्हलंडचा संघ त्याच्या मालकाने बाल्टिमोरला नेला. त्या धक्क्यातून ओहायोच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये कायदा केला: करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वा आधार मिळालेल्या मैदानावर जो संघ खेळतो, त्याच्या मालकाने स्थलांतरापूर्वी सहा महिन्यांची सूचना दिली पाहिजे आणि स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी दिली पाहिजे. कायदा वीस वर्षे कपाटात पडून होता. २०१७ मध्ये कोलंबस शहराच्या फुटबॉल संघाचा मालक संघ टेक्सासमधील ऑस्टिनला नेण्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा चाहत्यांनी संघ वाचविण्याची मोहीम उभारली, आणि मार्च २०१८ मध्ये राज्याचा महान्यायवादी व नगरपालिका हा जुना कायदा घेऊन न्यायालयात गेले. वर्ष संपण्यापूर्वी स्थानिक खरेदीदार पुढे आले. संघ कोलंबसमध्येच राहिला आणि त्याने पुढे २०२० व २०२३ मध्ये विजेतेपदही मिळवले. चाहत्यांची चळवळ आणि कायद्याचे कलम, या दोहोंपैकी एकटे कुणी पुरे पडले नसते.

इंग्लंडमध्ये मे २००२ मध्ये त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक मताने विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला नेण्याची मुभा दिली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा संघ काढला, नवव्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली, २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचविला आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या वस्तीत नवे मैदान बांधून परतले. त्या आघाताची आठवण तेथील समाजाने सोडली नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला असून, घरचे मैदान बदलण्यासाठी त्या नियामकाची संमती आवश्यक केली आहे. आपल्याच देशात कोलकात्याच्या मोहन बागानने २०२० मध्ये एका उद्योगसमूहाच्या संघाशी हातमिळवणी केली, तेव्हा १८८९ सालच्या या संस्थेच्या नावामागे मालकाच्या आधीच्या संघाची आद्याक्षरे जोडली गेली. चाहत्यांनी जवळजवळ तीन वर्षे निषेध चालू ठेवला आणि मार्च २०२३ मध्ये मालकाला ती अक्षरे काढीत असल्याचे जाहीर करावे लागले. मोहन बागान ही सभासदांची संस्था होती. भागीदारीत तिचा हिस्सा लहान असला तरी तिची मुळे त्या शहरात होती. 'एफसी पुणे सिटी'ला चाहते होते, सभासद नव्हते. हा फरक निर्णायक आहे.

समाजवाद्यांनी मात्र येथे भावनेच्या आहारी जाऊ नये. संघ किंवा सामना हलविणे हे प्रत्येक वेळी पापच असते असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये राज्याचा मोठा भाग दुष्काळात होरपळत असताना आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना, मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांवर ओतावयाच्या पाण्याचा हिशेब न्यायालयात मागितला गेला, आणि मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना बंगळुरूला गेला. हे स्थलांतर लोकहिताच्या कसोटीवर, उघड युक्तिवादानंतर, निर्णयाचा अधिकार असलेल्या पीठासमोर झाले. आक्षेप स्थलांतराला नाही. बंद खोलीतल्या स्थलांतराला आहे. त्याचप्रमाणे संघ टिकविण्यासाठी वाटेल ती किंमत मोजावी असेही नाही. सॅन डिएगोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या क्रीडागारासाठी सार्वजनिक पैसा देण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि संघ गेला. त्या मतदारांनी चूक केली असे म्हणता येणार नाही. दवाखाना व शाळा उपाशी ठेवून मालकाचा नफा पोसणे हे खेळप्रेम नव्हे. लोकांना 'नको' म्हणण्याचा जेवढा अधिकार हवा, तेवढाच 'जाऊ द्या' म्हणण्याचाही हवा.

मग पर्याय कोणता? तो शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. नगर जिल्ह्यात जत्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो. गावोगावची वर्गणी जमते, पंच बसतात, इनामाच्या रकमा पुकारल्या जातात, आणि लाल मातीभोवती बसलेला प्रत्येक माणूस त्या फडाचा मालक असतो. हा हगामा उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही, कारण तो विकता येईल असा कुणाच्याच एकट्याच्या नावावर नसतो. कोल्हापुरात हीच रीत फुटबॉलला लाभली आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते ती अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा अशी असते. तेथेही ईर्ष्येपायी हाणामाऱ्या होतात, त्यांचे समर्थन कुणी करू नये. परंतु पेठेचा संघ पेठेतून उठून जाऊ शकत नाही, ही त्या व्यवस्थेची भक्कम बाजू आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात ग्रीन बे नावाच्या लहानशा शहराचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, कुणालाही लाभांश मिळत नाही, आणि म्हणूनच तो संघ मोठ्या शहरांच्या आमिषाला बळी न पडता शंभर वर्षे तेथेच आहे. त्याच लीगने असे दुसरे उदाहरण निर्माण होऊ नये म्हणून नियम करून ठेवले आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात सुरू झाला, तेव्हा त्यामागील तत्त्व हेच होते: ज्याचा ऊस त्याचा कारखाना, आणि भाग किती का असेनात, प्रत्येक सभासदाला एकच मत. पण सहकाराचे गुणगान करताना त्याच्या आजाराकडे डोळेझाक करणे समाजवाद्याला शोभणारे नाही. वार्षिक सभेत अहवालाचे पान उलटण्यापूर्वी 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो, प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसविले जाते, आणि मालकी कागदावर सर्वांची असली तरी चाव्या एका घराण्याच्या कमरेला राहतात, हा अनुभव श्रीगोंद्यालाही नवा नाही. अशा कारभारातून कर्ज साचले, आणि २००२ च्या वसुली कायद्याचा आधार घेऊन राज्यातील अनेक सहकारी कारखाने बँकांनी विकले. सभासदांना ते केव्हा कळले? व्यवहार झाल्यावर. म्हणजे केवळ भाग असून भागत नाही; जागता सभासद असावा लागतो. सहकाराच्या या अपयशातून निघणारा निष्कर्ष मालकी भांडवलदाराला द्यावी असा नसून, मालकीबरोबर हिशेब पाहण्याचा व नकार देण्याचा अधिकार अबाधित राखावा असा आहे.

यावरून मागण्या स्पष्ट होतात. राज्य शासनाच्या वा महानगरपालिकेच्या मैदानावर जो व्यावसायिक संघ घर करील, त्याच्याशी होणाऱ्या भाडेकरारातच अटी घातल्या जाव्यात. संघ हलविण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची जाहीर सूचना द्यावी. त्या काळात संघाचे जमाखर्च लोकांसमोर ठेवून जनसुनावणी व्हावी, आणि तीही मालकाच्या कार्यालयात न होता मैदानावर व्हावी. संघ विकावयाचा असल्यास स्थानिक चाहत्यांच्या सहकारी संस्थेला तो घेण्याची पहिली संधी मिळावी. संघाचे नाव, रंग आणि त्याच्या हाताखालची मुलांची प्रशिक्षण केंद्रे ही शहराची ठेव मानली जावीत. मालक गेला तरी ती जाऊ नयेत. खेळाडू, प्रशिक्षक आणि मैदानावरील माळ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाचे थकलेले वेतन चुकते झाल्याखेरीज संघाला राज्याची सीमा ओलांडता येऊ नये. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. मैदान शासनाचे आहे, भाडेकरार शासन करते. करारात चार कलमे वाढविण्याचा निर्धार तेवढा हवा. हा विचार करण्याची वेळही योग्य आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी खेळाचे व्यापारी हक्क एका कंपनीकडे सोपविणारा जो करार केला होता, त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. पंधरा वर्षांत खेळ लोकांच्या किती जवळ आला आणि लोक खेळाच्या निर्णयांपासून किती दूर राहिले, याचा ताळेबंद मांडल्याशिवाय पुढची घडी बसविणे म्हणजे पुण्याचीच कथा दुसऱ्या शहरात लिहून ठेवणे होय.

यात चळवळीचा वाटा कोणता? तालुक्याच्या ठिकाणी उद्या खासगी मालकाचा संघ येणार नाही, हे खरे. पण तालुका क्रीडासंकुल आहे, शाळांची मैदाने आहेत, जत्रेचे फड आहेत. आणि ती ठेकेदाराला, संस्थाचालकाला वा लग्नसमारंभाला भाड्याने देण्याचे निर्णय कुणीतरी, कुठेतरी घेतच असते. त्या निर्णयांची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागावीत, ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या दारात ती मोठ्याने वाचावीत, खेळणाऱ्या मुलामुलींची संघटना बांधून त्यांनाच बोलते करावे. कारखान्याच्या वार्षिक सभेत 'मंजूर'च्या गजरात एक तरी 'नामंजूर' स्पष्ट ऐकू येईल असे पाहावे. सुनावणीची सवय मोठ्या प्रश्नावर एकाएकी लागत नाही. ती लहान मैदानावर अंगी मुरवावी लागते. ज्या समाजाला आपल्या गावच्या मैदानाचा हिशेब मागता येतो, त्याच्याकडून उद्या पाणी, कारखाना किंवा संघ काढून नेणाऱ्याला आधी उत्तर द्यावे लागेल.